पाच-सहाचा घोटाळा

चुका इतर माणसं करतात, आपण नाही, असं दशांशचं स्पष्ट मत होतं. आणि ते मत तो कधी लपवून ठेवत नसे! लॅबमध्ये कुणाचा आकडा चुकला की हा खुर्ची मागे सरकवायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचा, "कॉम्प्युटर चुकत नाही, बाळांनो. त्याला विचारणारा चुकतो." हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं होतं की फरशी पुसायला येणाऱ्या मावशीसुद्धा बादली पिळता पिळता ते पुटपुटत असत.

दशांश हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. चहात साखर किती विचारलं तरी उत्तरात दशांशचिन्ह यायचंच, म्हणून हे नाव पडलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोने लाडात येऊन विचारलं, "माझ्यावर प्रेम आहे ना हो?" तर हा गंभीरपणे म्हणाला, "बऱ्याच अंशी." पुढचा आठवडाभर घरात फक्त रेडिओ बोलत होता!

त्याचं काम रसायनशास्त्राचं, पण बाटल्या-नळ्यांचं नव्हे. रेणू कॉम्प्युटरमध्ये बसवायचा आणि त्याची ऊर्जा गणिताने काढायची. ज्या आकारात ऊर्जा कमी, त्या आकारात रेणू सुखाने बसतो, एवढं कळलं तरी पुढची गोष्ट कळायला पुरे. मात्र इलेक्ट्रॉनचा ढग कॉम्प्युटरला जसाच्या तसा काढता येत नाही. ठरावीक आकारांचे तुकडे एकावर एक रचून तो उभा करावा लागतो. त्या तुकड्यांच्या संचाला म्हणतात बेसिस सेट. तुकडे जितके जास्त, तितका ढग नेमका आणि ऊर्जा तितकी खाली. दशांशला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्याला हे शिकवलं होतं सरांनी.

सर आता घराबाहेर पडत नसत. निवृत्ती होऊन बरीच वर्षं झाली होती, पत्नी गेली होती, आणि हृदय असं थकलं होतं की डॉक्टरांनी सरांच्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "औषधं चालू ठेवा, पण मुख्य म्हणजे त्यांना आनंदात ठेवा." म्हणजे काय, ते तिला कळलं. या मुलीला अख्खी लॅब छोटी म्हणायची, कारण लहानपणी फ्रॉकमध्ये येऊन ती सगळ्यांच्या खुर्च्या गोल गोल फिरवायची. आता छोटी शाळेत भूगोल शिकवत होती, केस पिकले होते, चष्मा लागला होता, तरी छोटीच.

आनंदात ठेवायचं, पण कसं? सर खिडकीशी बसून समोरच्या इमारतीची भिंत बघायचे. ताटातलं अर्धं तसंच राहायचं. दाढी वाढलेली. कुणी आलं तर "बसा" म्हणायचे आणि पुन्हा भिंतीकडे!

सरांच्या मनात एक काटा होता, आणि तो साऱ्या लॅबला माहीत होता. उमेदीच्या वर्षांत त्यांनी एक रेणू मांडला होता. सरांचं म्हणणं, तो पुस्तकासारखा मिटलेला असतो. बाकी जग म्हणायचं, उघडा असतो. रेणू इतका चंचल की बाटलीत धरून बघायची सोय नाही, आणि तेव्हाच्या कॉम्प्युटरला एवढं मोठं गणित झेपायचं नाही. भर परिषदेत सर तो मांडत असताना त्यांचाच जिवलग मित्र, वसतिगृहात एका खोलीत राहिलेला, उभा राहिला आणि म्हणाला, "हा रेणू फक्त तुझ्या स्वप्नात मिटतो!" सभागृह हसलं. पोट धरधरून हसलं.

सर त्या मित्राशी पुन्हा एक शब्दही बोलले नाहीत. तीसेक वर्षं! दोघं एकाच संस्थेत, एकाच जिन्यावरून चढायचे-उतरायचे, आणि समोरासमोर आले की दोघांनाही अचानक नोटीस बोर्ड वाचावासा वाटायचा. तो मित्र पुढे संस्थेचा डायरेक्टर झाला. तोही आता निवृत्त, पण निवृत्त झाल्यावरही लोक त्यांना डायरेक्टरच म्हणत.

तर दशांशने ठरवलं, सरांसाठी हा रेणू आपण निकालात काढायचा. आजच्या काळात जुन्या मशिनलासुद्धा काय जड आहे? त्याने लॅबच्या कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर, सरांच्या लाडक्या जुन्या सॉफ्टवेअरवर, मिटलेल्या आकाराचं गणित लावलं. मशीन दम्याच्या पेशंटसारखं धापा टाकत राहिलं, पण आकडा देऊन मोकळं झालं. मग उघडा आकार लावायला घेतला, तर आतून जळका वास आला, धुराची बारीकशी शेंडी निघाली आणि मशीन कायमचं गप्प झालं.

"आता?" लॅबच्या टेक्निशियनने विचारलं.

"आता काय! उघडा आकार नव्या मशिनवर, नव्या सॉफ्टवेअरमध्ये लावतो. पद्धत तीच, बेसिस सेटचं नाव तेच. किलो इथे तोलला काय नि तिथे तोलला काय, किलो तो किलोच!"

हे वाक्य त्याच्या कपाळावर कोरून ठेवायला हवं होतं.

नव्या मशिनने उघड्या आकाराची ऊर्जा दिली. दशांशने वजाबाकी केली. पुन्हा केली. कागदावर केली, कॅल्क्युलेटरवर केली. मिटलेला आकार खाली होता! चांगला ठळक खाली. फरक अगदी शोभेल इतका, ना फार मोठा ना फार छोटा. सर बरोबर होते!

दशांश खुर्चीतून उठला आणि टेक्निशियनला मिठी मारायला गेला. त्या बिचाऱ्याच्या हातात चहा होता. चहा कीबोर्डवर गेला.

"छोटी," त्याने फोन लावला, "कुणाला सांगू नकोस हं. अजून एकदा तपासायचंय मला. पण सर... सर बरोबर होते गं."

पलीकडून छोटीचा रडवेला आवाज आला, "दादा, बाबांना सांगू?"

आता "नको" म्हणायला दगडाचं काळीज लागतं. दशांशचं काळीज बऱ्याच अंशी मऊ होतं.

पुढचं सगळं इतक्या झपाट्याने झालं की बिचाऱ्याला तपासायला फुरसतच मिळेना. सरांनी ते ऐकलं, भिंतीवरची नजर काढली आणि आरसा मागितला. दाढी केली. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. संध्याकाळी छोटीने हौसेने लॅबच्या जुन्या लोकांना फोन केले, त्यातला एक डायरेक्टरांच्या शेजारी राहणारा निघाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साक्षात डायरेक्टर सरांच्या दारात! हातात फुलांचा गुच्छ, डोळ्यांत पाणी.

दोघं म्हातारे दारातच एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी सर म्हणाले, "लंब्या, वाकलास रे."

"तू तर मुळातच ठेंगू," डायरेक्टर म्हणाले, आणि गळ्यात पडले.

डायरेक्टरांनी जाहीर करून टाकलं. "मी चारचौघांत हसलो, आता माफीही चारचौघांत मागणार!" संस्थेचं मोठं सभागृह ठरलं, शुक्रवार ठरला. सरांचा सत्कार, डायरेक्टरांची जाहीर माफी आणि मग दशांशचं पंधरा मिनिटांचं भाषण.

त्या भाषणासाठी दशांश बुधवारी सकाळी पडद्यावर दाखवायची चित्रं बनवायला बसला. पहिल्याच चित्रावर त्याला लिहायचं होतं, ढग रचायला एकूण तुकडे किती वापरले. जुन्या आउटपुटमधला आकडा लिहिला. सहज नव्या आउटपुटमध्ये डोकावला.

आकडा वेगळा होता.

त्याने चष्मा पुसला. रेणू तोच, अणू तितकेच, बेसिस सेट त्याच नावाचा, मग तुकडे कमी कसे? त्याने फरक काढला. रेणूत हायड्रोजन सोडून जितके अणू होते, बरोबर तितकाच फरक! प्रत्येक अणूमागे एक तुकडा गायब.

आणि मग त्याला उलगडा झाला. त्या संचात एका जातीचे तुकडे असे असतात की ते पाच धरता येतात किंवा सहा. जुनं सॉफ्टवेअर न सांगता सहा धरायचं. नवं न सांगता पाच. दोघांच्या डब्यावर चिठ्ठी मात्र एकच! मिटलेल्या आकाराला जास्त तुकडे मिळाले म्हणून त्याची ऊर्जा खाली गेली. रेणू बिचारा मिटलाबिटला काही नव्हता. त्याच्या अंगावर एक सदरा जास्त होता, एवढंच!

दशांशने नव्या मशिनवर दोन्ही आकार पाच-पाच लावून पाहिले. सहा-सहा लावून पाहिले. मग हट्टाने भला मोठा बेसिस सेट लावला आणि देवाचं नाव घेत बसला. तिन्ही वेळा उत्तर एकच. उघडा. जग बरोबर, सर चूक.

घरी येऊन तो बुटांसकट पलंगावर बसला. बायको म्हणाली, "काय झालं? चेहरा का असा?"

"तुझ्या आईच्या घरी एक मोठा चमचा साखर म्हणजे किती?"

"हे काय आता मधेच?"

"सांग तर."

"आईचा मोठा चमचा म्हणजे जवळजवळ पळीच!"

"आणि माझ्या आईचा?"

"तुमच्या आईचा मोठा चमचा म्हणजे..." तिने करंगळीचं टोक दाखवलं.

"तेच केलं मी," दशांश म्हणाला. "एक मोठा चमचा इथला, एक मोठा चमचा तिथला. आणि सांगत सुटलो की हा चहा जास्त गोड!" आणि मोठ्याने रडायला लागला. लग्नानंतर बायको त्याला पहिल्यांदा रडताना बघत होती. ती शेजारी बसली आणि त्याचे बूट काढत म्हणाली, "मग सांगून टाका. आजच."

सांगून टाका! म्हणायला किती सोपं!

त्याने छोटीला फोन लावला.

"दादा! आज काय झालं माहितीये? बाबा जिना उतरून खाली गेले! स्वतःहून! कोपऱ्यावरच्या दुकानातून बुटांचं पॉलिश आणलं. मी इतकी रडले, इतकी रडले! तू काही म्हणत होतास?"

"अं... पॉलिश काळं की तपकिरी?" दशांशने विचारलं.

मग तो डायरेक्टरांकडे गेला. डायरेक्टर टेबलाशी बसून माफीचं भाषण लिहीत होते. आजूबाजूला चुरगळलेल्या कागदांचा ढीग पडला होता.

"साहेब, मोठा घोटाळा झालाय."

"घोटाळा माझ्या डोक्यात होता!" डायरेक्टर गरजले. "तीस वर्षं होता!"

"तसं नाही, साहेब. गणितात चूक आहे."

"माणुसकीत चूक आहे! गणिताचं काय घेऊन बसलास! बस. हे वाक्य ऐक, जमलंय का सांग." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता ते स्वतःच रडायला लागले. दशांशने त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि घरी आला.

शेवटचा उपाय म्हणून त्याने गुरुवारी संस्थेचं ऑफिस गाठलं. हेडक्लार्क बाई खुर्च्या मोजून घेत होत्या. "कार्यक्रम रद्द करता येईल का हो?"

"का?"

"मला भाषण करायचं नाही."

"घाबरलात? आवळासुपारी ठेवा तोंडात," बाई म्हणाल्या. "आणि जरा बाजूला व्हा, खुर्ची राहिली मोजायची."

शुक्रवारी सरांना सभागृहात न्यायचं काम दशांशकडेच होतं. त्याची छोटी गाडी, शेजारी सर. छोटी पुढे जाऊन पोचली होती. सरांनी कोट घातला होता, बूट असे चमकत होते की त्यात चेहरा दिसावा. ते रस्त्याकडे लहान मुलासारखे बघत होते. "हे टायरचं दुकान इथेच आहे अजून? वा!"

सिग्नलला गाडी थांबली.

"सर, एक सांगायचं होतं."

"बोल ना."

"जुन्या सॉफ्टवेअरने सहा धरले, सर. नव्याने पाच."

एवढंच. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, कसले पाच नि कसले सहा! सरांना तेवढंच पुरलं. त्यांची मान हळूहळू दशांशकडे वळली, आणि वळता वळता त्यांच्या चेहऱ्यावर जे उजळलेलं होतं ते एकेक दिवा मालवावा तसं मावळत गेलं. दशांशला वाटलं, या क्षणी पाठीमागून एखादा ट्रक येऊन धडकेल तर बरं.

"पाच-पाच लावून पाहिलंस?"

"हो सर."

"सहा-सहा?"

"हो."

"मोठा संच?"

"तोही लावला."

"मग?"

"उघडाच, सर."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न वाजवला. दशांशला गाडी पुढे न्यायचं भान राहिलं नाही. मागे पाच-सहा हॉर्न वाजायला लागले. सर टायरच्या दुकानाकडे बघत होते. दुकानदार एका ट्यूबला पाण्यात बुडवून भोक शोधत होता.

आणि मग सर एकदम कडाडले, "आउटपुट पहिल्यापासून वाचायचं, शेवटून नाही, हे किती वेळा सांगितलंय तुला? तुकडे किती आहेत ते आधी बघायचं! गाढवा! हेच शिकवलं का मी?"

कित्येक वर्षांत त्यांनी दशांशला असं झापलं नव्हतं. दशांश मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, सर."

"चुकलं काय! गाडी चालव."

"घरी जाऊ या का, सर?"

सरांनी कोटाच्या बाहीवरून हात फिरवला. "छोटीने सकाळपासून इस्त्री केलीय याला," ते म्हणाले. "चल तिकडेच."

सभागृह गच्च भरलं होतं. डायरेक्टरांनी माफी मागितली. वाचताना तीनदा अडखळले, चौथ्यांदा त्यांनी कागद खिशात घातला आणि नुसतेच सरांसमोर मान झुकवून उभे राहिले. टाळ्यांनी छत हललं. मग सर उठले. माइक त्यांच्या उंचीला आणायला दोघं धावले.

"मी चुकलो होतो," सर म्हणाले. "तो रेणू मिटलेला नाही. उघडा आहे. लंब्या तेव्हाही बरोबर होता, आजही बरोबर आहे. आपण सगळे उगाच आलो आहोत."

आणि मग अशा टाळ्या पडल्या, अशा टाळ्या पडल्या की विचारू नका!

"अहो, टाळ्या कसल्या वाजवताय?" सर ओरडले. "चुकलोय मी!"

टाळ्या दुप्पट! पहिल्या रांगेतल्या हेडक्लार्क बाई डोळे पुसत शेजारणीला म्हणाल्या, "बघ, याला म्हणतात मोठेपण. जिंकल्यावरही म्हणतो, मी चुकलो."

सरांनी फळा मागवला. फळ्यावर पाच गोळे काढले, त्याखाली सहा काढले, आणि तो सगळा घोटाळा इतका सोपा करून सांगितला की भिंतीलासुद्धा कळावं. लोकांना तेवढं कळलं की म्हातारा आजारी असूनही अजून शिकवतोय. अर्धं सभागृह रडत होतं.

आता मात्र दशांशला राहवेना. तो खुर्चीवर चढला आणि बोंबलला, "सर खरं सांगताहेत! चूक माझी आहे! मी दोन सॉफ्टवेअरचे आकडे एकमेकांतून वजा केले!"

"शिष्यही तसाच!" कुणीतरी ओरडलं. लोक उभे राहिले. दशांशच्या हातात गुच्छ कोंबला गेला.

परतीच्या वाटेवर सर पुढे बसले होते. मांडीवर फुलं, मागच्या सीटवर छोटी, तिला अजून काहीच समजलं नव्हतं. मग सरांचे खांदे हलायला लागले. दशांशला वाटलं, रडताहेत. पण सर हसत होते. खोकला येईपर्यंत हसले.

"तीस वर्षं म्हणत होतो, मी बरोबर आहे. कुणी ऐकलं नाही," ते म्हणाले. "आज म्हटलं, मी चुकलो. तेही ऐकेनात! लेका, माझं म्हणणं या जन्मात कुणाला पटायचंच नाही!"

दशांशही हसला. हसता हसता त्याला समोरचा रस्ता दिसेनासा झाला आणि त्याने गाडी कडेला घेतली.

छोटीला सरांनी त्याच संध्याकाळी समजावून सांगितलं. ती दशांशशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. "दादा, ये लवकर. डायरेक्टरकाका आणि बाबा भांडताहेत."

दशांश धावतच गेला. आतून आवाज येत होते.

"अरे मूर्खा, तू बरोबर होतास!" सर.

"अजिबात नाही! तू बरोबर होतास!" डायरेक्टर.

"पाच आणि सहा, लंब्या! गणित बघ!"

"गणित गेलं खड्ड्यात! मिटलेलाच आहे तो!"

"'तू बरोबर होतास' हे वाक्य तीस वर्षांपूर्वी माझ्या तोंडून ऐकायला तू जीव दिला असतास!"

"म्हणून तर आता ऐकायचं नाही!"

दशांशला बघताच दोघं म्हणाले, "हा सांगेल!" दशांशने आकडा सांगायला तोंड उघडलं, तोच छोटीने त्याचा दंड धरून त्याला स्वयंपाकघरात ओढलं आणि हळूच म्हणाली, "दादा, निकाल देऊ नकोस रे. भांडण झालं की बाबा पोटभर जेवतात."

मग हे रोजचंच झालं. उन्हं कलली की डायरेक्टर यायचे, चहा व्हायचा, आणि "तू बरोबर", "नाही, तू बरोबर" सुरू! कधी सर तावातावाने उशी फेकायचे. कधी डायरेक्टर "आता पाय ठेवणार नाही या घरात" म्हणून जायचे आणि विसरलेली छत्री न्यायला दुसऱ्या दिवशी यायचे. छत्री ते रोज विसरायचे.

सर गेले ते दुपारी, झोपेत. चेहरा शांत होता. छोटी म्हणाली, "आदल्या दिवशी बाबांनी कागदावर काहीतरी नवा मुद्दा काढून ठेवला होता. म्हणत होते, उद्या लंब्या गप्पच बसेल." तो कागद तिने डायरेक्टरांना दिला. त्यांनी तो न वाचता खिशात ठेवला.

शोकसभेत सगळ्यांनी सांगितलं, सर बरोबर होते आणि तरी किती नम्र होते. दशांशने तिथेही उठून खरं सांगायचा प्रयत्न केला. लोकांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, धक्का बसलाय बिचाऱ्याला. त्याने एका मासिकात चूकदुरुस्ती छापून आणली. ती कुणी वाचल्याचं आजवर त्याच्या कानावर नाही.

काही दिवसांनी, लॅबमध्ये फारसं कुणी नसताना, डायरेक्टर आले. सरांच्या जुन्या खुर्चीत बसले. हातातली छत्री दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून ठेवली.

"साहेब, एक विचारू?" दशांश म्हणाला. "सरांनी फळ्यावर पाच आणि सहा काढले, तेव्हा तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?"

"तेव्हाच कळलं," डायरेक्टर म्हणाले. "त्याने पहिलं वाक्य बोलताच कळलं. सभागृहात ते कळणारे आम्ही दोघं-तिघंच तर होतो."

"मग घरी कबूल का नाही केलंत? रोज वाद कशाला घातलात?"

डायरेक्टर खिडकीबाहेर बघत राहिले. पार्किंगमध्ये कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"कबूल केलं असतं तर वाद संपला असता," ते म्हणाले. "मग मी रोज त्याच्याकडे कोणत्या तोंडाने गेलो असतो? तीस वर्षं वाया घालवलेल्या माणसांना गप्पा मारायला दुसरा विषय नसतो रे."

दशांशने चहा मागवला. चहा आला, दोघांनी प्यायला. डायरेक्टर उठले, कोटाची बटणं लावली, पुन्हा बसले.

"काय रे," त्यांनी विचारलं, "नवं सॉफ्टवेअर अजूनही न विचारता पाचच धरतं?"

"हो, साहेब."

"मूर्ख आहेत बनवणारे. सहाच धरायला हवेत."

असं म्हणून ते दशांशच्या तोंडाकडे बघत राहिले. बघतच राहिले. दशांशला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याने खुर्ची ओढली, समोर बसला आणि आवाज चढवून म्हणाला, "अजिबात नाही, साहेब! पाचच बरोबर!"

"कशावरून?" डायरेक्टर सरसावून बसले. छत्री त्यांनी कोपऱ्यात ठेवून दिली.

खरं विचाराल तर दशांशचंही मत सहाच हवेत असंच होतं.